मोकळ्या हातांचे दिवस

५ जानेवारी, सोमवार

सायलीताईंनी ही वही दिली आणि म्हणाल्या, "बबिता, रोज लिहायचं. तू जी बाई करणार आहेस ना, तिच्या मनातलं लिहायचं." मी मान हलवली. पण त्या बाईच्या मनातलं मला काय ठाऊक? ती ताईंच्या डोक्यातून निघालेली बाई. मी आपलं माझ्या मनातलं लिहिते. ताईंनी वाचायला मागितलं तर शेळीनं खाल्लं म्हणून सांगेन.

तर मी सिनेमात काम करतेय. लिहून बघितलं तरी खरं वाटेना. सिनेमा मोठा नाही. हिरो नाही, गाणी नाहीत, सात-आठ माणसं आणि एक कॅमेरा. गोष्ट आमच्यासारख्याच एका मेंढकीची. नवरा मरतो, मग ती लेकराला पाठीशी बांधून मेंढरं हाकत पार परमुलखात जाते. तिथं तिची बोली कोणाला कळत नाही, पाणी कोणी भरू देत नाही, आणि लेकराला शाळेत घालायचं म्हणून ती कोणाकोणाचे दरवाजे वाजवते, असं सगळं. ताई मूळच्या बीडच्या, शिकल्या पुण्यात. पुण्याहून आणलेल्या नटीला मेंढरू धरता येईना, म्हणून त्या आमच्या वस्तीवर बाई शोधत आल्या. मी तेव्हा एका मेंढीच्या खुरातला काटा काढत होते आणि तिला शिव्या घालत होते. ताईंना म्हणे त्या शिव्या लई आवडल्या.

एरवी मी या दिवसांत घरी सापडले नसते. दिवाळी झाली की आमचा वाडा, म्हणजे मेंढरं आणि माणसांचा फिरता तळ, इकडच्या बीडच्या शिरूरहून निघतो तो गंगा, म्हणजे गोदावरी, ओलांडून जालन्याच्या पुढं जातो. यंदा आत्यांच्या, म्हणजे सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं, आणि मनिषा तिसरीत, तिची शाळा. म्हणून मी मागं राहिले. हे गेले, थोरले दीर धुळाजी, म्हणजे दादा, आणि जाऊबाई गेल्या. घरी आत्या, मनिषा, मी आणि चार लंगड्या मेंढ्या.

यांना फोनवर विचारलं, करू का सिनेमा? तर म्हणाले, "कर की. तसंबी घरी आरडतीसच. तिथं निदान कोणी ऐकून घेईल."

यांचं नाव परमेश्वर. आता सांगा, नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही आणि नवऱ्याचं नाव हे! लग्न झाल्यापासून भजनात तो शब्द आला की मी ओठ मिटते. इथं पहिल्यांदा लिहिलं. लिहायला चालतं असं मी माझं मीच ठरवलंय.

९ जानेवारी, शुक्रवार

आज माझं आणि ताईंचं वाजलं. सिनेमात नवरा मरतो हे ठाऊक होतं, पण तो मेलेला दाखवायचा, ओढ्याकाठी बायका माझं कुंकू पुसणार, हातातल्या बांगड्या दगडावर वाढवणार, हे आज कळलं. मी सरळ सांगितलं, "ताई, शेणात बसवा, काट्यात चालवा, हे जमायचं न्हाई. माझा मालक वाड्यावर हाय, संक्रांत तोंडावर हाय."

ताई म्हणाल्या, "अगं, मग ती घर सोडेलच कशाला? सिनेमा तिथूनच सुरू होतो." मग हळूच म्हणाल्या, "तुला नकोच असेल तर मी दुसरी बाई बघते. रागानं नाही म्हणत."

रागानं म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. मला दुसरी बाई म्हटल्यावर इतकं का लागलं, कळेना. चार दिवस कॅमेऱ्यापुढं चालले काय, आणि ती बाई माझीच वाटायला लागली.

संध्याकाळी आत्यांना सांगितलं. ऑपरेशनचा काळा चष्मा लावून त्या बाजेवर फौजदारासारख्या बसलेल्या. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माझ्या बांगड्या खऱ्याखुऱ्या वाढवल्या, तवा कोणी बघाया आलं न्हाई. आता खोट्या वाढवायच्या तर एवढी मान्सं मोटारी घेऊन यायलीत." मला वाटलं, नाही म्हणणार. पण म्हणाल्या, "कर. पण माझ्या अटी हायेत."

अटी लगेच ताईंना फोनवर सांगितल्या. माझ्या हातातल्या बांगड्या कासारानं उतरवायच्या आणि देव्हाऱ्यात बिरोबापुढं ठेवायच्या. वाढवायच्या त्या वेगळ्या, परक्या. मंगळसूत्र चोळीच्या आत राहील. संक्रांतीच्या करीला हे काम करायचं नाही. आणि मढं म्हणून झोपणारा माणूस बिनलग्नाचा पाहिजे, उगी कोणाच्या बायकोच्या जिवाला घोर नको. म्हणून शेजारचा रामकिसन ठरला. त्याला पोरगी मिळेना म्हणून तो रडत असतो, त्याचा हा असा उपयोग झाला.

१३ जानेवारी, मंगळवार, भोगी

बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि भोगीची भाजी केली. यांना आवडते, म्हणून घास गिळताना आठवण आली. आणि तेवढ्यात यांचाच फोन!

"माझ्या फोनची बॅटरी फुगलीय. टम्म झालीय पुरीसारखी. कवाबी बंद पडतो." मी म्हटलं, दादांच्या फोनवरून करत जा. तर म्हणे दादांच्या फोनला रेंज पाहिजे तर टेकाडावर चढावं लागतं, आणि आता वाडा खाली कॅनॉलकडं उतरलाय. मनिषाशी बोलले. आईचा डोळा विचारला. "आईला दिसायलंय का गं नीट? का नुसती चष्मा लावून मिरवायलीय?"

बांगड्यांचं सांगायला मी तोंड उघडलं आणि फोन बंद. फुगलेली बॅटरी. पुन्हा लावला, लागला नाही. उद्या सांगेन.

१६ जानेवारी, शुक्रवार

झालं एकदाचं.

सकाळी शिरूरला कासारकाकांकडं गेले. त्यांनी आधी बांगड्यांना नमस्कार केला, मग हाताला साबण लावून एकेक बांगडी अशी अलगद काढली की एकही वाढली नाही. पण तोंडानं गप्प बसतील तर शपथ. "सिनेमात काय पायजे ते करा पोरी, पर मोकळ्या हातानं माझ्या दुकानातून कोणी उठलं न्हाई अजून." त्यांनी हळदीत बुडवलेला दोरा माझ्या दंडाला बांधला, बाहीच्या आत, दिसणार नाही असा. ताई म्हणाल्या, पुढचे सहा-सात दिवस सगळी कामं मोकळ्या हातांनीच आहेत, मध्ये भरायच्या नाहीत. काका म्हणाले, "रोज भरून रोज उतरवाया त्या काय चपला हायेत?" दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

ओढा रस्त्याच्या कडेला. ताईंनी कॅमेरा पार लांब टेकडीवर बाभळीआड लपवला, का तर आम्हाला तो विसरायला व्हावा. खाली आम्ही आठ-दहा बायका आणि पांढऱ्या कपड्याखाली रामकिसन, तोंडात तंबाखू धरून. मला रडूच येईना. ताईंनी दोनदा थांबवलं. एकदा रामकिसन शिंकला. सगळ्या बायका हसल्या, मीही हसले, आणि मनात म्हटलं, दिली असती दुसऱ्या बाईला तर बरं झालं असतं.

तिसऱ्या वेळी वस्तीवरच्या सुभद्राबाईंनी माझा हात धरून दगडावर आपटला. माय गं, तो आवाज! काचेचा एवढासा आवाज. पुढं काय झालं ते मला धड आठवत नाही. मी इतकी ओरडले की घसा बसला. ताई टेकडीवरून पळत आल्या आणि मला मिठी मारून म्हणाल्या, "बस, बस. मिळालं."

एक गंमत. आमचं रडणं चाललेलं असताना रस्त्यावर एक टेंपो थांबला, मागं मेंढ्या भरलेल्या. एक माणूस उतरला, डोक्यावरची टोपी काढली, हात जोडून जरा वेळ उभा राहिला आणि निघून गेला. रामकिसन कपड्याच्या आतून पुटपुटला, "कोन हाय बे?" म्हणजे माझं काम इतकं बरं झालं म्हणायचं, की वाटसरूनं टोपी काढली. हे आले की सांगणार आहे.

घरी आल्याबरोबर मोठं ठसठशीत कुंकू लावलं. देव्हाऱ्यातल्या बांगड्या मोजून झाल्या का म्हणून आत्या चिडवत होत्या.

१७ जानेवारी, शनिवार

यांचा फोन बंद. दादांचा संपर्काच्या बाहेर. कॅनॉल, दुसरं काय.

दुपारी धारूरहून माझ्या भावाचा, जीवनचा फोन आला. तो कधी फोन करत नाही, केला तर काहीतरी मागायला. आज म्हणाला, "बबे, जेवलीस का?" मी म्हटलं हो. "जेवत जा. पोरीकडं बघ. धीर धर." आणि आवाज घोगरा. मी म्हटलं, काय रे झालं? तर फोन ठेवला. वहिनीशी भांडला असणार. मनिषासारखं बारकं झाल्यागत करतो. सोमवारी विचारीन.

१८ जानेवारी, रविवार, अमावस्या

फोन लागत नाही.

काल सुभद्राबाईंकडं हळदीकुंकू होतं. त्यांनी कुंकू लावायला बोट उचललं आणि माझ्या हातांकडं बघून क्षणभर थांबल्या. त्या दिवशी त्यांनीच तर माझा हात दगडावर आपटला होता! लावलं मग त्यांनी, वाण दिलं, पण तो क्षण माझ्या डोक्यातून जाईना. मी घरी येऊन मोकळे हात पदराखाली घेऊन बसले. माझ्याच घरात, कोणापासून लपवत होते कोण जाणे.

खोटं ते खोटं, असं मी स्वतःला सांगते. मग दुसरं मन म्हणतं, मग फोन का लागत नाही? लागत नाही कारण बॅटरी फुगलीय. मग दादांचा? दादा खाली उतरलेत. सगळ्याला उत्तर आहे, तरी जीव थाऱ्यावर नाही. आत्यांना विचारलं, "काही वाईट तर होणार न्हाई ना?" त्या म्हणाल्या, "झोप गुमान." पण देवापुढं त्याही जरा जास्तच बसल्या.

२० जानेवारी, मंगळवार

काल दुपारचं लिहिते. लिहिलं नाही तर मी फुटेन.

शूटिंगहून घरी येत होते. कपाळ पुसलेलं, हात मोकळे. वळणावरून बघते तर आमच्या दारात जीप, आणि अंगणात धारूरची माणसं. माझी आई भामाबाई सगळ्यांत पुढं. मला बघितलं आणि तिनं हंबरडा फोडला. "अगं माझ्या बाई! कसं गं झालं हे!" तिच्यामागं मावशी, चुलती, सगळ्या. आणि मावशीच्या हातात फडक्यात बांधलेलं पातेलं. कडू घास. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून सोयरे आणतात तो.

मी मटकन बसले. मला एवढंच कळलं, की मला कळायच्या आधी माझ्या माहेरी कळलंय. मी विचारलं, "कोणी सांगितलं?" जीवन डोळे पुसत म्हणाला, "पंडित मामानं. त्यानं सोताच्या डोळ्यानं बघितलं, शुक्रवारी."

पंडित आमच्या धारूरचा मेंढ्यांचा व्यापारी. लग्नानंतर मी त्याला बघितलेलंही नाही, पण तो वाड्यावाड्यावर जाऊन मेंढ्या घेतो, यांच्या वाड्यावरही जातो, हे ठाऊक होतं. त्यानं डोळ्यानं बघितलं म्हणजे संपलंच. शुक्रवारी! इकडं मी दगडावर बांगड्या फोडल्या, आणि तिकडं. हो, फोडल्या. वाढवल्या नाहीत, फोडल्या. मी ओरडले, "मीच खाल्लं त्यांना! मीच!" आई म्हणाली, "असं बोलू नगं." आत्या बाजेवरून उठल्या, चष्म्याआडून काही दिसेना, हात पुढं करून मला शोधायला लागल्या. त्यांचा हात माझ्या मोकळ्या मनगटाला लागला आणि त्या बाईनं, जिनं कधी माझ्यापुढं डोळ्याला पदर लावला नाही, तिनं अशी किंकाळी मारली. मनिषा आतून पळत आली. ती माझ्या गळ्याला पडून नुसती "आई, आई" करत होती.

ताई आणि त्यांची माणसं मागून गाडीनं आली. ताईंनी सगळं बघितलं आणि मातीत माझ्याजवळ बसल्या. कॅमेरावाला दारातच उभा होता, कॅमेरा खांद्यावर. ताईंनी त्याला हातानं खूण केली, गाडीत ठेव. शुक्रवारी मला रडू येत नाही म्हणून त्यांनी दोनदा थांबवलं होतं, आणि आता खरं रडू समोर असताना कॅमेरा नको म्हणाल्या. हे मी विसरणार नाही.

किती वेळ गेला सांगता येत नाही. दिवस कलला होता. रस्त्यावर मोटरसायकलचा आवाज आला, आणि कोणीतरी पुरुष मोठ्यानं रडत येतोय असं वाटलं. "माय गंऽ! माझी मायऽ!" सगळे वळले.

हे! मागं दादा. अंगावर घोंगडी, डोक्याला मुंडासं नाही, तोंड धुळीनं माखलेलं, आणि लहान पोरासारखे रडत अंगणात शिरले. तर समोर बाजेपाशी काळा चष्मा लावून त्यांची माय उभी. हे थांबले. आईकडं बघितलं. मग मनिषाकडं बघितलं. मग माझ्याकडं, माझ्या कपाळाकडं, हातांकडं. रडणं तोंडातच राहिलं.

"आई तू हायेस. पोरगी हाय. ही हाय," हे म्हणाले. "मंग मेलं कोण?"

माझी आई तोंडावर हात ठेवून भूत दिसल्यासारखी बघत होती. शेवटी आत्याच म्हणाल्या, "तू."

"मी? मी कवा मेलो?"

"शुक्रवारी," जीवन म्हणाला. सवयीनं म्हणाला बिचारा.

मग जे झालं त्याला काय म्हणावं! मावशी पातेलं सोडून पळाली. दादा खाली बसले. आणि मी उठले, यांच्यापर्यंत गेले आणि दोन्ही मोकळ्या हातांनी यांच्या छातीवर धपाधप मारायला लागले. "परमेश्वरा! परमेश्वरा! फोन कावून बंद ठेवला! कावून!" सगळ्या सोयऱ्यांपुढं नाव घेतलं, एकदा नाही, धा वेळा. हे म्हणाले, "अगं, बॅटरी! बॅटरी सांगितलं होतं ना!" आणि मला धरून तेही रडायला लागले. घोंगडीला मेंढ्यांचा वास येत होता. इतका चांगला वास मी जन्मात घेतला नाही.

मग एकेक धागा सुटला. तो टेंपो पंडितचा होता! टेकडीवरचा कॅमेरा त्याला दिसलाच नाही, दिसलं ते एवढंच की दगडाबाईची, म्हणजे आत्यांची, सून ओढ्याकाठी बांगड्या फोडतेय. टोपी काढून, हात जोडून तो धारूरला गेला आणि सांगितलं. कोणीही मला फोन करून विचारलं नाही, कारण असं विचारतात का कुठं, तुझा नवरा मेला का म्हणून? दारावर जायचं असतं, आणि शनिवारी नि अमावस्येला जात नाहीत, म्हणून सोमवार उजाडला. जीवनचं "जेवलीस का" म्हणजे ते होतं! आणि दादा वाड्यावरच असतील, त्यांना कळलं नसेल, म्हणून जीवननं त्यांना फोन केला, तो मात्र ते टेकाडावर असताना लागला. पण मयताची खबर तोंडानं द्यायची नसते, म्हणून नुसतं सांगितलं, "घरी निघा, लवकर निघा." दादांना वाटलं, आईच गेली. मेंढरं जाऊबाईंवर आणि शेजारच्या वाड्यावर सोडून दोघं भाऊ निघाले, वाटेत दादांचाही फोन संपला.

रामकिसन कुंपणाशी उभा राहून म्हणाला, "म्हंजी मेलो मी, आन् रडले यांच्या नावानं!" पहिल्यांदा आत्या हसल्या. मग माझी आई. मग अंगणच हसायला लागलं, असं की शेजारची कुत्री भुंकायला लागली.

कडू घास माघारी नेत नाहीत. तर पिठलं-भाकरी सगळ्यांनी अंगणात बसून खाल्ली, ताईंच्या माणसांनीही. हे सगळ्यांत जास्त जेवले. "माझ्याच मयताचं हाय, मी नगं का खायला?" माझ्या आईनं त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला आणि पुन्हा वाढलं.

२३ जानेवारी, शुक्रवार

बुधवारी ताई म्हणाल्या, "बबिता, राहिलेलं काम तुला नको असेल तर नको. मी गोष्ट बदलीन." राहिलं होतं ते शेवटचं: ती बाई परमुलखात पहिल्यांदा माळावर उभी राहते आणि आपल्या गावाकडच्या वाटेकडं बघते. बस, एवढंच. मी म्हटलं, करते. भीती होती ती सगळी सोमवारी वापरून झाली. फक्त एक अट, हे कॅमेऱ्याशेजारी बसतील.

काल ते केलं. लांब टेकडीवर बाभळीखाली हे बसलेले, घोंगडी पांघरून, ताईंच्या माणसानं दिलेला चहा पीत. मी माळावर मोकळ्या हातांनी उभी. ताई म्हणाल्या, वाटेकडं बघ. मी वाटेकडं बघितलं. त्या बाईची वाट रिकामी होती. तिचा नवरा खरंच गेलेला, ती एकटी, तिचं लेकरू पाठीशी, आणि तिला पुढं जायचंय. पहिल्यांदा मला तिच्या मनातलं कळलं. डोळ्यातून पाणी आलं ते मी पुसलं नाही. ताईंनी एकदाच घेतलं, पुन्हा नको म्हणाल्या.

मग मी टेकडीवर चढून आले. हे म्हणाले, "लई येळ उभी व्हतीस. ऊन लागलं का?" आणि उरलेला चहा मला दिला. माझी वाट रिकामी नव्हती. त्या बाईचं वाईट वाटलं, आणि तरी मला इतकं हलकं वाटत होतं की मी दोन घोटांत चहा संपवला.

आज शिरूरला गेलो, दोघं. दोन दिवसांनी रथसप्तमी, वाण लुटायचे दिवस सरत आलेत. देव्हाऱ्यातल्या बांगड्या फडक्यात बांधून नेल्या. कासारकाकांनी बातमी आधीच ऐकलेली. यांना वरून खाली बघितलं आणि म्हणाले, "जिते हायेत न्हवं?" मग दंडाचा हळदीचा दोरा सोडला आणि माझा हात हातात घेतला.

हे दुकानाबाहेर पाठ करून उभे होते. बांगड्या भरताना पुरुष बघत नाहीत, शिवाय लाजतात. काका जुन्याच बांगड्या उचलत होते, त्या जरा सैल होत्या, त्या दिवशी म्हणूनच अलगद निघाल्या. तेवढ्यात हे पाठमोरेच म्हणाले, "काका, नव्या भरा. घट्ट. निघाल्या न्हाई पायजेत."

काकांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्यांनी इतक्या घट्ट भरल्या की डोळ्यात पाणी आलं, आणि मी एकदाही 'बास' म्हटलं नाही. जुन्या मनिषाला खेळायला दिल्या.

हे उद्या वाड्यावर परत निघतात. नवीन बॅटरी घेतली. उजव्या हाताला अजून रग लागलीय, बोटं सुजलीत, म्हणून आज एवढंच.